घातीय वाढ व ऱ्हास

घातीय वाढ व ऱ्हास : एखाद्या राशीत ठराविक कालखंडात होणारा बदल हा त्या कालखंडाच्या आरंभी असलेल्या राशीच्या नेहमी एकाच प्रमाणात होत असेल, तर त्या बदलास घातीय बदल म्हणतात. राशी वाढत असल्यास ती घातीय वाढ व घटत असल्यास घातीय ऱ्हास होय. चक्रवाढ व्याजाने वाढणारी रास, पोषकद्रव्य विपुल असताना सूक्ष्मजंतूंची होणारी वाढ, किरणोत्सर्गी पदार्थाचा क्षय, गरम वस्तूचे निवणे, यंत्राच्या किंमतीतील घसारा ही या बदलाची परिचित उदाहरणे आहेत. सरळव्याजात दर वर्षी तेवढीच रक्कम मिळविली जाते, तर चक्रवाढीत दर वर्षी तेवढ्याच संख्येने गुणले जाते. पहिल्या प्रकारात राशींची गणिती श्रेढी व दुसऱ्यात गुणोत्तर श्रेढी तयार होते. मिळविणे आणि गुणणे यांतील हा भेद वरवर क्षुल्लक वाटला, तरी शालेय गणितातील या विषयाच्या बहुतेक चुका तो विसरल्यामुळे होतात.

भास्कराचार्यांच्या लीलावती (११५०) या ग्रंथात या विषयाचे एक नमुनेदार उदाहरण आहे. एका दात्याने याचकास पहिल्या दिवशी दोन कवड्या व पुढे प्रत्येक दिवशी आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचे कबूल केले, तर महिन्याभरात त्याने किती निष्क दिले, असा प्रश्न आहे. एकूण कवड्या २,१४,७४,८३,६४६ होतात. २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म व १६ द्रम्मांचा निष्क या त्या काळच्या कोष्टकाने त्यांचे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी व ६ कवड्या होतात. एकट्या तिसाव्या दिवशी द्यावयाच्या कवड्या आधीच्या एकोणतीस दिवसांतील एकूण कवड्यांपेक्षा दोनने अधिक भरतात. दान कबूल करणाऱ्याला पहिले दोन आठवडे आपण काय कबूल केले याची कल्पनाही येणार नाही.

उत्तराइतकीच त्या ग्रंथातील रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. दोनाचा तिसावा घात काढण्यासाठी तीस वेळा गुणावे लागत नाही. घातांक सम असल्यास त्याची निमपट करून ‘वर्ग’ असे लिहावे, विषम असल्यास त्यातून एक वजा करून ‘गुण’ असे लिहावे व शून्य येईपर्यंत हे चालू ठेवावे. ३० साठी क्रमाने वर्ग (१५), गुण (१४), वर्ग (७), गुण (६), वर्ग (३), गुण (२), वर्ग (१), गुण (०) असे मिळते. मग एकापासून आरंभ करून या क्रिया उलट क्रमाने केल्या म्हणजे २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ व शेवटी १,०७,३७,४१,८२४ ही संख्या येते. गुणक दोन असो वा १·०२ असो, ही रीत सारखीच उपयोगी पडते. लॉगरिथमांची कोष्टके हाताशी नसतील, तर तिच्याइतकी सोयीची दुसरी रीत नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटणे येथे आहे.

मूलभूत संबंध व त्यातील चार प्रश्न : आरंभीची राशी अ, एका कालखंडाचा गुणक ग आणि न कालखंडांनंतरची राशी र मानल्यास ‘र = अ × (ग चा न वा घात)’ हा संबंध मिळतो. शेकडा द या दराने वाढ होत असल्यास ग = १ + द/१०० व घट होत असल्यास ग = १ − द/१०० असतो. व्यवहारातील भाषेत अ म्हणजे मुद्दल, र म्हणजे रास व न म्हणजे मुदत. या चारांपैकी कोणतेही तीन दिले असता चौथे काढता येते, पण प्रत्येकासाठी क्रिया वेगळी लागते. रास काढण्यास गुणाकार व मुद्दल काढण्यास भागाकार पुरतो. गुणक काढण्यास न वे मूळ घ्यावे लागते. मुदत काढण्यास मात्र लॉगरिथमाशिवाय गत्यंतर नसते, कारण तेथे अज्ञात राशी घातांकात असते. महाराष्ट्रातील शालेय अभ्यासक्रमात विद्यार्थ्यास हा विषय प्रथम इयत्ता आठवीत ‘चक्रवाढ व्याज’ या प्रकरणात भेटतो. तेथेच लोकसंख्येची वाढ व वस्तूंचा घसारा यांची उदाहरणेही येतात. पुढे बारावीत ‘अवकल समीकरणे’ या प्रकरणात लोकसंख्यावाढ, किरणोत्सर्गी क्षय व वस्तूचे निवणे या नावांनी तोच विषय पुन्हा येतो. ही दोन्ही प्रकरणे एकाच संबंधाची रूपे आहेत हे सांगण्यासाठी एखादा तास खर्च केल्यास विद्यार्थ्यांचे बरेच श्रम वाचतील, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मूळ घेण्याऐवजी भागाकार करणे ही सर्वांत नेहमीची चूक होय. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १५,२७,७१५ व २०११ मध्ये १८,३६,०८६ होती. म्हणजे दहा वर्षांत शेकडा सु. २०·२ वाढ झाली. यावरून वार्षिक वाढीचा दर विचारल्यास पुष्कळजण २०·२ ला १० ने भागून २·०२ असे उत्तर देतात. हा दर खरा मानून १५,२७,७१५ पासून दहा वर्षे चक्रवाढीने मोजल्यास सु. १८ लाख ६६ हजार ही संख्या येते. ती प्रत्यक्षापेक्षा सु. ३० हजारांनी अधिक आहे. पूर्णा हे या जिल्ह्यातील तालुक्याचे व रेल्वे प्रस्थानकाचे गाव २००१ साली तीस हजारांहून थोड्या अधिक वस्तीचे होते. म्हणजे एका भागाकाराच्या चुकीने जिल्ह्यात जवळजवळ आणखी एक पूर्णा गाव कागदावर वसते. योग्य रीतीने र/अ = १·२०१९ याचा लॉगरिथम ०·०७९९ येतो; त्याचा दशांश ०·००७९९ व त्याचा प्रतिलॉगरिथम १·०१८६ होतो. तेव्हा वार्षिक दर शेकडा १·८६ ठरतो. याच दराने लोकसंख्या दुप्पट होण्यास लागणारा काळ ०·३०१० ÷ ०·००७९९ म्हणजे सु. ३७·७ वर्षे होतो. येथे ०·३०१० हा दोनाचा लॉगरिथम आहे.

दुपटीचा काळ तोंडी काढण्यासाठी ७२ ला शेकडा दराने भागण्याचा नियम प्रचारात आहे. त्याचे मूळ दोनाच्या स्वाभाविक लॉगरिथमात (०·६९३१) आहे. अगदी लहान दरांना ६९·३ हीच संख्या अचूक पडते. ७२ ला मात्र २, ३, ४, ६, ८, ९, १२ यांनी निःशेष भाग जातो आणि दर ८ च्या आसपास असताना टप्प्याटप्प्याने होणाऱ्या आकारणीमुळे येणारा फरकही भरून निघतो.

कालखंडाचे महत्त्व : दर सांगताना तो कोणत्या कालखंडाचा आहे आणि व्याज किती वेळा मुद्दलात मिळविले जाते, या दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात. द. सा. द. शे. १२ या दराने वर्षातून एकदा आकारणी केल्यास १०० रुपयांचे ११२ रुपये होतात. दरमहा शेकडा १ प्रमाणे बारा वेळा आकारणी केल्यास ११२ रुपये ६८ पैसे होतात. आकारणी याहून वारंवार करीत गेल्यास रास अमर्याद वाढत नाही; ती ११२ रुपये ७५ पैशांजवळ स्थिर होते. याकोप बेर्नुली यांनी १६८३ मध्ये अशाच प्रश्नाचा विचार करताना जी सीमा शोधली, तिच्यातून २·७१८२८… ही संख्या पुढे आली. स्वाभाविक लॉगरिथमांचा आधार तीच आहे. बदल क्षणोक्षणी होत असेल, तेव्हा बदलाचा वेग राशीच्या प्रमाणात असतो असे अवकल समीकरण मांडतात व त्याच्या उत्तरात ही संख्या आधार म्हणून येते.

आकारणी केव्हा होते यावर माणसांचे भवितव्य कसे अवलंबून असते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. हिंदू धर्मशास्त्रात ‘दामदुपट’ नावाचा नियम आहे. त्यानुसार एका वेळी वसूल करावयाचे थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तो आढळतो आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयेही तो पाळीत. गणिती दृष्टीने हा वाढीला घातलेला माथा आहे : राशी मुद्दलाच्या दुपटीस पोहोचली की ती तेथे थांबते.

इ. स. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या कर्जरोख्यांवरील दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. दीर्घकाळ व्याज साठू नये, हा हेतू ऋणकोच्या हिताचा होता. परंतु मुदत संपण्यापूर्वी सावकार जुना रोखा रद्द करून व्याजासह नव्या मुद्दलाचा रोखा लिहून घेऊ लागले. याचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. दरमहा शेकडा २ या दराने १०० रुपयांचे कर्ज बारा वर्षे फेडले गेले नाही असे मानू. सरळव्याजाने एकूण देणे ३८८ रुपये होते आणि दामदुपटीने ते २०० रुपयांवर थांबते. दर तीन वर्षांनी रोखा बदलल्यास मात्र प्रत्येक वेळी राशीस १·७२ ने गुणले जाते. १·७२ चा चौथा घात ८·७५ असल्यामुळे देणे ८७५ रुपये होते. प्रत्येक रोख्यापुरते पाहिले तर व्याज मुद्दलाच्या शेकडा ७२ एवढेच असते. ते मुद्दलाहून कधीच अधिक होत नाही. म्हणून दामदुपटीचा नियम मोडला गेला असे कोणत्याही रोख्यावरून दाखविता येत नाही. माथा तेथेच होता, पण दर तीन वर्षांनी तो उचलून वर ठेवला जात होता.

पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी सुरू झालेल्या व पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील रोखे व वह्या जाळल्या. कापसाचे उतरलेले भाव, वाढलेला सारा अशी इतरही कारणे त्यामागे होती. तरीही रोष प्रामुख्याने कागदांवर निघाला, हे वरील हिशोब पाहता समजण्यासारखे आहे. त्यानंतर १८७९ मध्ये झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराच्या आरंभापासून हिशोब तपासण्याचा अधिकार दिला. मुद्दल व व्याज यांचे हिशोब वेगळे ठेवावेत, मध्यंतरी मुद्दलात मिळविलेले व्याज मुद्दल म्हणून धरू नये व आकारणी सरळव्याजाने करावी, अशी त्यात तरतूद होती. न्यायालयाने करावयाची ती क्रिया म्हणजे गुणोत्तर श्रेढीचे पुन्हा गणिती श्रेढीत रूपांतर करणे होय. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यातही हुकूमनाम्यातील व्याज मुद्दलाहून अधिक नसावे, असे बंधन आले.

घातीय ऱ्हास : गुणक एकाहून लहान असला की राशी घटत जाते, पण शून्य कधीच होत नाही. त्यामुळे ‘पदार्थ पूर्ण नष्ट होण्यास किती काळ लागेल’ हा प्रश्न येथे अर्थहीन ठरतो. त्याऐवजी राशी निम्मी होण्यास लागणारा काळ सांगतात. त्यास अर्धायुष्य म्हणतात. एका अर्धायुष्यानंतर निम्मी, दोहोंनंतर पाव व तिहींनंतर दोन आणे, असा हा क्रम असतो. दोन अर्धायुष्यांत सर्व पदार्थ संपतो असे उत्तर लिहिणारा विद्यार्थी पुन्हा वजाबाकीच करीत असतो. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सु. ८ दिवस, कोबाल्ट-६० चे ५·२७ वर्षे व कार्बन-१४ चे ५,७३० वर्षे आहे.

कर्करोगावरील उपचारासाठी रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट यंत्रातील उद्गम दरमहा शेकडा सु. १·१ ने क्षीण होतो. तेव्हा रुग्णास तेवढीच मात्रा मिळावी म्हणून उपचाराचा काळ दरमहा त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. नव्या उद्गमाने दोन मिनिटे लागत असतील, तर सव्वापाच वर्षांनी चार मिनिटे लागतात. हा हिशोब महिन्यागणिक केला नाही, तर रुग्णास कमी मात्रा मिळत जाते व ते वरवर कोणाच्या लक्षातही येत नाही.

कार्बन-१४ वरून प्राचीन अवशेषांचा काळ ठरविण्याची पद्धती विलर्ड लिबी व त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये मांडली. लिबी यांना त्याबद्दल १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींचा कालानुक्रम या पद्धतीमुळेच निश्चित होऊ शकला. त्यांपैकी पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले व तेथील वस्ती स्थूलमानाने इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील ठरली. रीत समजण्यासाठी कोळशाच्या एका कल्पित नमुन्यात मूळच्या कार्बन-१४ पैकी शेकडा ६७ भाग शिल्लक आहे असे मानू. १०० ÷ ६७ याचा स्वाभाविक लॉगरिथम ०·४००५ आहे. त्यास दोनाच्या स्वाभाविक लॉगरिथमाने (०·६९३१) भागून ५,७३० ने गुणल्यास सु. ३,३१० वर्षे हे वय मिळते. मापनात चूक होऊन ६७ ऐवजी ६६ वा ६८ असा आकडा आला असता, तर हेच वय सु. ३,४३५ वा ३,१९० वर्षे आले असते. म्हणजे शेकडा एका अंशाच्या फरकाने सव्वाशे वर्षांचे अंतर पडते. म्हणून असे कालमापन नेहमी अधिक-उणे मर्यादेसह देतात. शिवाय वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळी एकसारखे नव्हते. त्यामुळे झाडांच्या वार्षिक वलयांवरून केलेली दुरुस्तीही त्यास लावावी लागते. पाठ्यपुस्तकातील उदाहरणांत यांपैकी काहीच येत नाही व उत्तर मात्र वर्षाच्या एककापर्यंत दिलेले असते, ही गोष्ट शिक्षकाने वर्गात बोलून दाखवावी.

निवण्याचा नियम : गरम वस्तू निवत असताना तिचे तापमान घातीय रीतीने घटत नाही; वस्तू व भोवतालची हवा यांच्या तापमानांतील अंतर तसे घटते. न्यूटन यांच्या या नियमाची उदाहरणे चुकतात ती येथेच. खोलीचे तापमान ३०° से. असताना पाणी १० मिनिटांत ८०° वरून ६०° वर आले, तर ते ४०° वर केव्हा येईल? अंतरे अनुक्रमे ५०, ३० व १० आहेत. दहा मिनिटांचा गुणक ०·६ होय. ५० चे १० होण्यासाठी असे ३·१५ कालखंड, म्हणजे आरंभापासून सु. साडेएकतीस मिनिटे लागतात. ८० ते ६० हा गुणक ०·७५ धरून सोडविणाऱ्यास सु. २४ मिनिटे हे चुकीचे उत्तर मिळते. हेच पाणी परभणी-पूर्ण्याकडील मे महिन्याच्या दुपारी, खोलीत ४०° तापमान असताना ठेवले, तर ते ४०° वर कधीच येणार नाही. उदाहरणात तेथे शून्याचा लॉगरिथम घेण्याची वेळ येते व विद्यार्थी गोंधळतो. वास्तविक समीकरणाने त्याला योग्य तेच सांगितलेले असते.

संबंधाच्या मर्यादा : किरणोत्सर्गी क्षयाचा गुणक तापमान, दाब वा रासायनिक अवस्था यांनी व्यवहारतः बदलत नाही, म्हणून तेथे हजारो वर्षांपर्यंत विश्वासाने गणित करता येते. सजीवांच्या वाढीत तशी हमी नसते. टॉमस मॅल्थस यांनी १७९८ मध्ये लोकसंख्या गुणोत्तर श्रेढीने वाढते असे प्रतिपादिले. वाढीबरोबर तिला होणारा अवरोधही वाढतो, हे लक्षात घेऊन प्येर फ्रांस्वा व्हरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये दुसरे समीकरण सुचविले. त्याचा वक्र आरंभी घातीय वक्रासारखाच चढतो, पण पुढे एका मर्यादेकडे सपाट होत जातो. आरंभीच्या थोड्या निरीक्षणांवरून हे दोन वक्र वेगळे ओळखता येत नाहीत.

महाराष्ट्राची लोकसंख्या १९९१ मध्ये ७,८९,३७,१८७ व २००१ मध्ये ९,६८,७८,६२७ होती. दशकवाढ शेकडा २२·७३ होती. हाच गुणक कायम मानून २०११ साठी सु. ११ कोटी ८९ लाख हा अंदाज आला असता. प्रत्यक्ष गणनेत ११,२३,७४,३३३ लोक आढळले, म्हणजे अंदाज सु. ६५ लाखांनी चुकला असता. गणित बरोबर असूनही गृहीत धरलेला गुणक टिकला नाही. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही. त्यामुळे त्या वर्षाचे आकडे २०११ च्या आकड्यांस गुणक लावूनच काढावे लागतात. परभणी जिल्ह्यास त्याचाच २००१–११ चा गुणक लावल्यास २०२१ ची लोकसंख्या सु. २२ लाख ७ हजार येते. राज्याचा त्याच दशकाचा गुणक (१·१५९९) लावल्यास ती सु. २१ लाख ३० हजार येते. शिधावाटप, शाळा व पाणीपुरवठा यांच्या योजना आखताना या ७७ हजार माणसांचा प्रश्न समीकरणाने सुटत नाही. कोणता गुणक घ्यावयाचा हे जन्म, मृत्यू व स्थलांतर यांच्या नोंदी पाहूनच ठरवावे लागते.